घर दाखवताना घरात राहणाऱ्यांना विचारावे : नोंदणी महानिरीक्षकांना खुले पत्र

प्रति,
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : भाडेकरू राहत असलेले घर इतरांना दाखवण्याविषयी लिव्ह अँड लायसन्स कराराच्या तयार मसुद्यात स्वतंत्र अट असण्याबाबत.

महोदय,

नवी मुंबईत ऐरोली येथे एका गृहनिर्माण संस्थेतील दोन बेडरूमच्या घरात मी आणखी तिघींसोबत भाड्याने राहते. आम्ही चौघी चार गावांहून आलेल्या आहोत, एकमेकींच्या नात्यातल्या नाही, आणि एकटीच्या पगारात स्वतंत्र घराचे भाडे बसत नाही म्हणून एका छताखाली आलो आहोत. ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे, कोपरखैरणे या पट्ट्यात अशी घरे जवळजवळ प्रत्येक इमारतीत सापडतील. एमआयडीसीतले कारखाने, आयटी कंपन्यांची कार्यालये, रुग्णालये, महाविद्यालये सगळी इथेच आहेत आणि ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल हाताशी आहे, त्यामुळे नोकरीला लागलेली मुले-मुली आधी इकडेच जागा शोधतात. त्यांच्या घरांचे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरण्याची परवानगी देणारे करार, आपल्या विभागाकडे नोंदवले जातात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. मागणी एकच आहे. भाडेकरू राहत असताना ते घर नव्या भाडेकरूंना किंवा खरेदीदारांना दाखवायचे असेल, तर ते कधी, कसे आणि कोणाच्या संमतीने दाखवावे, याची स्पष्ट अट ऑनलाइन नोंदणीच्या तयार मसुद्यात असावी, आणि ती लिहिताना एकापेक्षा अधिक जण वेगवेगळ्या नात्याने राहत असलेली घरे डोळ्यांसमोर असावीत.

ही मागणी ज्या अनुभवातून आली तो आधी सांगते. यंदा एप्रिलमध्ये आमच्यातल्या एकीची पुण्याला बदली झाली आणि तिने महिन्याभराची नोटीस दिली. करारावर तिचे आणि माझे अशी दोनच नावे होती. बाकीच्या दोघी नंतर राहायला आल्या, त्यांची पोलीस पडताळणी झाली, त्यांचे भाडे दर महिन्याला मालकांच्या खात्यात जात होते, पण करारात त्यांची नावे घालायची राहून गेली होती. त्यांच्यापैकी एक परिचारिका आहे आणि त्या आठवड्यात तिला रात्रपाळी होती. सकाळी नऊच्या सुमारास ती घरी येऊन झोपली. साडेदहाला एजंटाने बेल वाजवली. तिला ऐकू आली नाही, तेव्हा त्याने मालकांकडून आणलेल्या डुप्लिकेट चावीने लॅच उघडले आणि एका कुटुंबाला घेऊन तो आत आला. किचन, बाल्कनी, बाथरूम असे करत त्याने बेडरूमचे दार उघडले, तेव्हा तिला जाग आली. समोर पाच अनोळखी माणसे उभी होती आणि त्यांच्यातला एक जण मोबाइलवर व्हिडिओ काढत होता.

एजंटाने परवानगी घेतली नव्हती असे म्हणता येणार नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. आदल्या संध्याकाळी त्याने बदली झालेल्या मैत्रिणीला फोन केला होता. ती कामाच्या गडबडीत होती, ‘हो, दाखवा’ एवढे म्हणून तिने फोन ठेवला आणि आम्हाला सांगायचे विसरली. मी नंतर मालकांना फोन केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘अहो ताई, तुमच्यातल्याच एकीला विचारून पाठवलं होतं ना.’ त्यांना आपले काही चुकले असे वाटत नव्हते, आणि त्यांच्या जागी असते तर मलाही कदाचित वाटले नसते. घर एक, करार एक, भाडेही एकत्र मिळते, म्हणजे होकारही एकच पुरेसा, असा त्यांचा हिशेब. पण ज्या मैत्रिणीने हो म्हटले ती दोन आठवड्यांत घर सोडून जाणार होती, आणि जिच्या खोलीत माणसे शिरली तिला कोणी विचारलेच नव्हते. एकीचा होकार हा चौघींचा होकार कसा होतो, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

एकत्र राहण्याची जी घरे आहेत त्यांची रचना आपल्यासमोर मांडणे मला आवश्यक वाटते, कारण कराराचा मसुदा ‘एक घर, एक कुटुंब’ असे गृहीत धरून वाचला जातो. कुटुंबाच्या घरात हॉल ही पाहुण्यांना बसवण्याची जागा असते. आमच्यासारख्या घरात हॉल ही कोणाची तरी झोपण्याची खोली असते. सिडकोने वसवलेल्या उपनगरांत लहान घरे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या वन बीएचकेमध्ये तीन-तीन, चार-चार जण राहतात, तेव्हा हॉलमध्ये दोन कॉट, कॉटखाली बॅगा आणि भिंतीला दोरीवर कपडे हे नेहमीचे दृश्य असते. हॉलमध्ये झोपणाऱ्या माणसाचे भाडे थोडे कमी असते, पण त्याला बंद करायला दार नसते. घर बघायला आलेला माणूस उंबरठा ओलांडतो तो थेट त्याच्या अंथरुणाजवळच येतो. ‘बेडरूमचे दार बंद असेल तर उघडायचे नाही’ एवढा नियम केला तरी हॉलमध्ये राहणारीला त्याचा काही उपयोग नाही. तिच्यापुरते संरक्षण एकच असू शकते, ते म्हणजे माणसे कधी येणार हे तिला आधी कळणे. कपाटाला कुलूप, मोरीतले कपडे उचललेले, औषधाच्या गोळ्या पिशवीत, अभ्यासाचे कागद आवरलेले, स्वतः अंघोळ करून नीट कपड्यांत, एवढी तयारी करायला तिला वेळ मिळाला, तर घर दाखवण्याला तिचा विरोध असण्याचे कारण नाही.

इथे एक कबुलीही द्यायला हवी. याच घरात राहायला येण्यापूर्वी मी स्वतः अकरा-बारा घरे पाहिली होती. त्यांतल्या निम्म्या घरांत कोणीतरी झोपलेले होते, कोणी जेवत होते, एका घरात एक मुलगी भिंतीकडे तोंड करून आम्ही जाईपर्यंत उभी राहिली होती. मी तिच्या खोलीची खिडकी उघडून वारा येतो का ते बघितले आणि एजंटाला भाडे विचारले. तिला कोणी सांगितले होते का, हे माझ्या मनातही आले नाही.

आता कायद्याविषयी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून राज्यात लागू आहे, आणि त्यातले कलम २८ मालकाच्या घर तपासण्याच्या हक्काविषयी आहे. त्याचा आशय असा की, भाड्याने किंवा लायसन्सवर दिलेल्या जागेची तपासणी करण्याचा घरमालकाला हक्क आहे, मात्र ती वाजवी वेळी आणि भाडेकरूला, लायसन्सीला (म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्याला) किंवा भोगवटादाराला पूर्वसूचना देऊन करायची आहे. आपल्या ऑनलाइन नोंदणीतून होणाऱ्या करारांत याच धर्तीची अट असते, की वाजवी सूचना देऊन मालकाला स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत अधूनमधून घरात येऊन पाहणी करता येईल. बहुतेक मालक आणि एजंट घर दाखवायला आणतात ते याच अटीच्या आधारावर.

मात्र तपासणी आणि दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कलमाचे शब्द तपासणीचे आहेत. मालक घराची तपासणी करतो ती आपल्या मालमत्तेची अवस्था बघण्यासाठी : गळती आहे का, भिंतीला ओल धरली आहे का, भाडेकरूने परस्पर काही तोडफोड केली आहे का. त्यासाठी येणारा माणूस एक किंवा दोन असतो, ओळखीचा असतो आणि वर्षातून एकदा-दोनदा येतो. घर दाखवताना येणारी माणसे दरवेळी नवी असतात, त्यांची नावे आम्हाला माहीत नसतात, आणि घर लवकर गेले नाही तर ती एका आठवड्यात सात वेळाही येतात. आमच्याकडे एका रविवारी पाच वेळा बेल वाजली. कायद्याने पहिल्या गोष्टीसाठी दिलेला हक्क दुसऱ्या गोष्टीपर्यंत ताणला जातो आहे, आणि दुसऱ्या गोष्टीसाठी नियमच लिहिलेला नसल्यामुळे तो ताणणाऱ्याला अडवायचे कसे हे कोणाला सांगता येत नाही. याच अधिनियमाच्या कलम २९ मध्ये मालकाने भाडेकरूचे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट अशा अत्यावश्यक सेवा तोडू नयेत हे बारकाईने लिहिले आहे. कलम २८ मात्र एका वाक्यात संपते. ‘वाजवी वेळ’ म्हणजे कोणती आणि ‘पूर्वसूचना’ म्हणजे किती आधी, हे त्यात नाही. अर्ध्या तासापूर्वी आलेला फोन ही पूर्वसूचना आहे, असे आमचा एजंट प्रामाणिकपणे मानतो.

त्या वाक्यात एक शब्द मात्र आमच्यासाठी फार मोलाचा आहे, तो म्हणजे भोगवटादार. पूर्वसूचना फक्त करारावर सही करणाऱ्याला द्यायची असती, तर कायद्याने ‘भाडेकरू किंवा लायसन्सी’ एवढ्यावरच थांबायला हरकत नव्हती. पुढे भोगवटादाराचा वेगळा उल्लेख आहे याचा मला लागणारा अर्थ असा, की जो प्रत्यक्ष राहतो त्याला कळले पाहिजे. आमच्या परिचारिका मैत्रिणीचे नाव करारात नव्हते, पण ती त्या घरात राहत होती. कलम ७ मधली व्याख्याही इथे पाहण्यासारखी आहे. जागेचा किंवा जागेच्या एखाद्या भागाचा वापर करार करून, फी देऊन करणारा तो लायसन्सी, असे ती सांगते, म्हणजे घराच्या एका भागापुरताही लायसन्सी असू शकतो हे कायद्याला ठाऊक आहे. पेइंग गेस्टला मात्र त्या व्याख्येतून वगळले आहे, आणि पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः जिथे राहतो त्या घराचा काही भाग ज्याला दिला आहे तो. आमच्या भागात मालक डोंबिवलीत किंवा दुबईत राहत असला तरी घराला सर्रास ‘पीजी’ म्हणतात आणि ‘पीजीवाल्यांना कसले हक्क’ असे सुनावतात. मालक त्या घरात राहत नसेल, तर ते घर कायद्याच्या अर्थाने पीजी नाही, एवढे जरी एजंटांना कळले तरी बरेच वाद सुरूच होणार नाहीत.

एक अडचण मी लपवणार नाही. लिव्ह अँड लायसन्सने राहणारा माणूस काटेकोर अर्थाने भाडेपट्टेदार नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये भाडेपट्टेदाराला जागेचा निर्वेध उपभोग घेऊ देण्याची हमी आहे, पण लायसन्स हे त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ खाली येते, आणि त्यात जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, फक्त वापरण्याची परवानगी मिळते. मालकांचे वकील हेच सांगतात, आणि ते खरे आहे. त्यामुळेच लायसन्सने राहणाऱ्यांच्या हाती करारातल्या मजकुराशिवाय फारसे काही उरत नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ च्या स्पष्टीकरणानुसार लेखी लायसन्स करारात नमूद केलेली वस्तुस्थिती हाच त्याबाबतचा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई घेण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. जो कागद आमच्याविरुद्ध इतका भक्कम आहे, तो आमच्या बाजूने मुका असू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तो मला माहीत आहे. पण तो हक्क मुख्यतः शासनापासून संरक्षण देणारा आहे. एजंटाने बेडरूमचे दार उघडले म्हणून त्या निकालाचा आधार घेऊन कोणी उच्च न्यायालयात जाणार नाही. पोलीस ठाण्यातही कोणी जाणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गृह-अतिक्रमणाची तरतूद आहे, पण त्यासाठी धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा किंवा गुन्हा करण्याचा हेतू लागतो, आणि आमच्या मालकांचा किंवा एजंटाचा तसा हेतू नव्हता. त्यांना आरोपी करावे असे आम्हा चौघींपैकी कोणालाही वाटले नाही. ही बाब गुन्ह्याची नाही. ती दोन्ही बाजूंनी आधीच लिहून ठेवायच्या चार ओळींची आहे.

त्या चार ओळी आपल्याच विभागाकडे का मागायच्या, असे कोणी विचारील. करारातल्या अटी हा दोन पक्षांचा प्रश्न आहे आणि नोंदणी कार्यालय दस्त नोंदवते, त्यातला मजकूर ठरवत नाही, हे तत्त्व मला मान्य आहे. परंतु व्यवहारात काय घडते ते पाहावे. अकरा महिन्यांचा करार करताना एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, आधार क्रमांक घेतो, नावे, भाडे, डिपॉझिट आणि मुदत भरतो, अंगठे घेतो, फोटो काढतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. बाकीचा मजकूर आधीपासून तयार असतो आणि तो सहसा कोणी वाचत नाही. मागच्या वेळी मी घर दाखवण्याविषयी एक ओळ घालायची विनंती केली, तेव्हा ‘ड्राफ्ट ठरलेला असतो, मॅडम’ असे म्हणून एजंटाने विषय संपवला आणि मालकांनीही मान हलवली. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, अकरा महिन्यांचा असला तरी त्यातून सुटका नाही. आम्ही त्यावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरतो. सगळेच करार जर एकाच तयार साच्यातून निघणार असतील, तर तो साचा कोणाला आठवणीत ठेवतो आणि कोणाला विसरतो याला महत्त्व येते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात मालकाने घरात येण्यापूर्वी किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना द्यावी, असे म्हटले आहे. तो राज्यांसाठीचा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय इथे बंधनकारक नाही. पण २४ तास हा आकडा आमच्या डोक्यातून आलेला नाही, एवढे त्यावरून दिसते, आणि मसुद्यात तो घेण्यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहायला नको.

मालकांची बाजू मी जवळून पाहिली आहे, म्हणून तीही लिहिते. आमचे मालक निवृत्त आहेत. हे घर त्यांनी आयुष्यभराच्या बचतीतून घेतले आणि त्याच्या भाड्यावर त्यांचा औषधपाण्याचा खर्च चालतो. घर एक महिना रिकामे राहिले तर तेवढे पैसे बुडतात, सोसायटीचा मेंटेनन्स मात्र भरावाच लागतो. भाडेकरू जायच्या आधी पुढचा भाडेकरू ठरावा ही त्यांची धडपड रास्त आहे. काही भाडेकरू नोटीस दिल्यानंतर मुद्दाम दार उघडत नाहीत, फोन उचलत नाहीत, घर विस्कटून ठेवतात आणि बघायला आलेल्यांना घराचे दोषच सांगत बसतात, हेही होते. माझ्याच ओळखीच्या एका मुलाने कोपरखैरण्यात असे केले आणि त्याच्या मालकांचे दोन महिने गेले. म्हणून मी मागते ती अट एकतर्फी असू नये. घर दाखवू देणे हे भाडेकरूचे कर्तव्य म्हणून त्यात लिहिले जावे, आणि सूचना नियमाप्रमाणे मिळाल्यावर विनाकारण नकार देता येऊ नये.

त्या एप्रिलच्या प्रसंगानंतर आम्ही मालकांना घरी बोलावले, चहा केला आणि बसून बोललो. परिचारिका मैत्रीणच जास्त बोलली. तिने तक्रार केली नाही, फक्त त्या सकाळी काय काय झाले ते क्रमाने सांगितले. मालक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी स्वतःहून डुप्लिकेट चावी एजंटाकडून परत घेतली. आम्ही आठवड्यातल्या दोन वेळा ठरवल्या : बुधवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ आणि रविवारी अकरा ते एक. मालक, एजंट आणि आम्ही चौघी असा व्हॉट्सॲप ग्रुप केला, आणि कोण येणार, किती जण येणार हे आदल्या दिवशी त्यावर टाकायचे असे ठरले. त्या दोन वेळांत आमच्यापैकी कोणीतरी घरी असायचे आणि घर आवरलेले असायचे. रात्रपाळीचा आठवडा असेल तर रविवारची वेळ संध्याकाळवर ढकलायची. पुढच्या दोन आठवड्यांत सहा जणांनी घर पाहिले आणि सहाव्या मुलीने जागा घेतली. ती आता आमच्यासोबत राहते. आवरलेल्या घरात, दिवे लावलेले असताना, राहणाऱ्या बायकांशी दोन शब्द बोलून तिने निर्णय घेतला. मालकांना हा मार्ग आपल्याच फायद्याचा वाटला, आणि दुसऱ्या इमारतीतल्या त्यांच्या भावाच्या घरालाही त्यांनी तोच नियम लावला.

हे आमच्याकडे जमले, कारण आमचे मालक ऐकून घेणारे आहेत. सगळ्यांचे नशीब तसे नसते, आणि नशिबावर सोडू नये अशीच ही गोष्ट आहे. म्हणून मसुद्यात घालण्यासाठी आम्ही चौघींनी मिळून पुढीलप्रमाणे मजकूर तयार केला आहे. आपले विधी अधिकारी तो अर्थातच नीट करून घेतील.

‘करार संपण्याची किंवा नोटीसची मुदत सुरू झाल्यानंतर, अथवा घरातील एखादी जागा रिकामी होणार असल्यास, मालकास सदर घर संभाव्य भाडेकरूंना किंवा खरेदीदारांना दाखवता येईल. त्यासाठी किमान २४ तास आधी, मोबाइल संदेशासह कोणत्याही लेखी स्वरूपात, घरात राहणाऱ्या व या करारात नमूद केलेल्या प्रत्येक व्यक्तीस सूचना देण्यात येईल. घर दाखवण्याच्या वेळा उभय पक्षांनी आपसांत ठरवाव्यात. आठवड्यात किमान दोन वेळा उपलब्ध करून देणे राहणाऱ्यांवर बंधनकारक राहील व त्या वेळी सबळ कारणाशिवाय नकार देता येणार नाही. घर दाखवताना मालक किंवा त्याचा प्रतिनिधी संपूर्ण वेळ उपस्थित राहील, आणि राहणाऱ्यांपैकी किमान एक व्यक्ती घरात असल्याशिवाय प्रवेश केला जाणार नाही. एखादी खोली किंवा झोपण्याची जागा ज्या व्यक्तीच्या वापरात आहे, तिच्या संमतीशिवाय ती दाखवली जाणार नाही. राहणाऱ्यांच्या वस्तू दिसतील अशी छायाचित्रे किंवा चित्रफिती त्यांच्या संमतीशिवाय काढल्या अथवा प्रसारित केल्या जाणार नाहीत. मालकाकडील जादा चावीचा वापर आग, गॅसगळती, पाण्याची गळती अशा तातडीच्या प्रसंगापुरताच केला जाईल.’

यातल्या छायाचित्रांच्या वाक्याविषयी थोडे सांगते, कारण तो बारीकसारीक मुद्दा वाटण्याची शक्यता आहे. त्या दिवशी काढलेला व्हिडिओ चार दिवसांनी माझ्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मला दाखवला. तो स्वतः घर शोधत होता आणि एजंटांच्या एका ग्रुपवर त्याला तो मिळाला होता. त्यात आमचे घर होते, देव्हारा होता, भिंतीवर आमच्यातल्या एकीने लावलेले स्पर्धा परीक्षेचे वेळापत्रक होते, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे होते, आणि शेवटी बेडरूमचे दार उघडताना चादर ओढून घेणारा एक हात दिसत होता. खाली भाडे, डिपॉझिट आणि ‘ओन्ली लेडीज’ असे लिहिलेले होते. इमारतीचे नावही होते. चार बायका कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर, पुरुषाविना राहतात हे आता किती मोबाइलमध्ये आहे, हे आम्हाला कधीच कळणार नाही. एजंटाने तो व्हिडिओ काढून टाकला आणि मनापासून माफी मागितली, पण पुढे गेलेला व्हिडिओ त्यालाही परत आणता आला नाही. रिकाम्या घराचे किंवा सोसायटीच्या आवाराचे फोटो त्याने हवे तितके काढावेत. राहत्या घराचे काढायचे असतील, तर आधी सांगावे म्हणजे वस्तू बाजूला ठेवता येतील.

दुसरी सूचना नावांविषयीची आहे. अटीत ‘करारात नमूद केलेली प्रत्येक व्यक्ती’ असे म्हणायचे, तर ती व्यक्ती करारात असायला हवी. आज भाडे वाटून देणारे चौघे असले तरी घाईत एका-दोघांचेच अंगठे घेतले जातात, आणि मध्येच कोणी गेले-आले तर कागद तसाच राहतो. ऑनलाइन अर्जात राहणाऱ्या सर्व प्रौढ व्यक्तींची नावे आणि त्यांच्या वापरातली खोली लिहिण्यासाठी एक जोडतक्ता असावा, आणि माणूस बदलला की सगळा करार नव्याने न करता तेवढी नोंद बदलण्याची सोय असावी. मालकांनाही हे हवे असते. पोलीस पडताळणीसाठी त्यांना ही नावे द्यावीच लागतात, मग करारातच का नसावीत? आमच्या गेटवर वॉचमन ज्या ॲपवरून पाहुण्यांची मंजुरी घेतो तेही एकाच मोबाइलला जोडलेले आहे, आणि तो मोबाइल करारात जिचे नाव पहिले होते तिचा होता. एप्रिलमध्ये आलेल्या त्या पाच जणांना गेटवरची मंजुरी तिनेच ऑफिसमधून दिली होती, आम्ही बाकीच्या तिघींना पत्ताही नव्हता. करारातली एक-दोन नावे पुढे अशी सगळीकडे जातात.

नवी मुंबई आणि ठाण्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांनीही हे पत्र वाचावे असे मला वाटते. भाडेकरू ठेवायला ना-हरकत देताना त्या पन्नास कागद मागतात. घर दाखवायला येणाऱ्यांसाठी रहिवाशांनाच विचारा, एवढी एक सूचना त्यांनी वॉचमनला दिली तरी मसुदा बदलेपर्यंत आमचे निभावेल.

आमच्या कराराची मुदत येत्या नोव्हेंबरमध्ये संपत आहे आणि मालकांनी तो पुढे वाढवायचे कबूल केले आहे. या वेळी चौघींची नावे घालायची आणि वरची अट जोडायची यालाही त्यांची संमती आहे, तसे त्यांनी ग्रुपवर लिहून दिले आहे. एजंट पुन्हा त्याच तयार मसुद्यासह येईल. तोपर्यंत आपल्या विभागाकडून जादा अटींविषयी ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या सर्व सेवा पुरवठादारांना एखादे परिपत्रक निघाले, तर त्याची प्रत आम्ही छापून दाराशी तयार ठेवू.

आपली विश्वासू,
ऐरोलीतील एका घरात तिघींसोबत राहणारी भाडेकरू